तीसपैकी तेवीस

३ फेब्रुवारी, सोमवार

मावशींनी काम सोडलं. चार महिन्यांतल्या या तिसऱ्या.

दुपारी शाळेतून आले तर मावशी बाहेर पायरीवर बसलेल्या, पायांत चपला नाहीत, आणि दाराला आतून कडी. "साहेबांनी बाहेर काढलं मला," म्हणाल्या. "पाच मिनिटं मोबाईल बघत होते, तर म्हणाले पेपर चालू असताना हे काय? बाहेर उभ्या राहा." दोन तास उभ्या! आत गॅसवर दुधाचं पातेलं करपून कोळसा झालेलं, घरभर धूर. आणि अण्णा खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेले. समोर कुणी नाही, यांचं सुपरव्हिजन चालू. खिडकीतून हाका मारल्या तेव्हा उठले, कडी काढली आणि मला म्हणाले, "बाई, उशीर झाला तुम्हाला."

बाई म्हणजे त्यांच्या शाळेतली कुणीतरी शिक्षिका. आठवड्यातून दोनतीनदा मी बाई असते. एरवी चिमी, त्यांची मुलगी, वय वर्षं त्रेपन्न.

मावशी जाताना म्हणाल्या, "माणूस देवासारखा आहे हो ताई. पण मला माझा जीव आहे."

त्यांचं काय चुकलं? पातेलं घासत बसले आणि ठरवलं. आता घरी जमणार नाही. सकाळी सात ते एक माझी शाळा, चार ते सात गणिताचे क्लास. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला कडी लावून आत ठेवायचं की कडी काढून बाहेर सोडायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाला फोन केला. "तू बघून ठेव चांगलीशी जागा. मी येईन सोडायला." सोडायला येईल म्हणे! दुरून डोंगर साजरे. वहिनी मागून म्हणाल्या, "तिथे समवयस्क मिळतील त्यांना, रमतील." अण्णा आणि रमतील. बावीस वर्षं हेडमास्तर होते, शिक्षकांच्या खोलीत जाऊन कधी एक कप चहा प्यायले नाहीत.

दादाचा राग कळतो मला. नववीला वार्षिक परीक्षेत त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी निघाली होती. काढली अण्णांनीच. स्वतःची शाळा, स्वतःचा मुलगा. आईने दोन दिवस चूल पेटवली नाही, पण यांनी त्याचं वर्ष घालवलं ते घालवलंच. अठराव्या वर्षी दादा घराबाहेर पडला आणि पाहुणा झाला. आता त्याला बोल लावायला मला तोंड नाही. तरी लावते.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली जागा पाहिली.

वहीत रकाने आखून नेले होते. स्वच्छता, जेवण, माणसं, संडास, डॉक्टर. प्रत्येकी दहा गुण. मास्तरणीची जात! मॅनेजरबाईंनी आधी बाग दाखवली. छान हिरवळ, सहा खुर्च्या, आणि खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. म्हणजे इथे कुणी कधी बसलेलं नाही. आत दिवाणखान्यात मोठा टीव्ही आणि समोर चौदा जण. आवाज बंद होता. "आवाजाने भांडणं होतात," बाई म्हणाल्या. एक मदतनीस प्रत्येकाला "बाळा" म्हणत होती. बाळा तोंड उघड, बाळा पाय वर. एका आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

अण्णांना कुणी बाळा म्हणतंय! त्यांच्या आईनेही म्हटलं नसेल.

पन्नासपैकी सोळा.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरी जागा. जिन्यातच लघवीचा वास. वही पिशवीतून काढलीच नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांना समोरच्या काकूंकडे बसवून शाळेत गेले. काकू म्हणाल्या, "असू दे गं, पण रोज नाही जमायचं मला." उद्या कोण? परवा कोण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी जागा. मिळाली!

खालचा मजला आणि वरचा मजला. खाली ज्याची त्याची खोली. टेबल, पुस्तकांचं कपाट, बागेत उघडणारं दार, स्वतःची किल्ली. वाचनालय आहे, तिथे एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करत होते. मी तिथेच ठरवलं, अण्णा इथे. एक खोली रिकामी आहे. बागेच्या बाजूची.

मग वरचा मजला दाखवला. ज्यांची आठवण गेली ते वर. एका हॉलमध्ये सहा पलंग. सांभाळायला माणसं पुष्कळ आहेत, वाईट वागवत नाहीत, अंग पुसलेलं, नखं कापलेली. पण बाहेर जायचं दार दिसेना. कुठे आहे विचारलं तर मॅनेजर हसून म्हणाले, "फसलात ना? हेच ते." अख्ख्या दारावर पुस्तकांच्या कपाटाचं चित्र चिकटवलंय. लाल, निळी, सोनेरी कण्यांची पुस्तकं, अगदी हुबेहूब. दार दिसलं की लोक बाहेर जायला धडपडतात, म्हणून. मी तिथे उभी होते तेवढ्यात एक बाई आल्या, एका पुस्तकाच्या कण्यावर नखाने खरवडू लागल्या. खरवडत राहिल्या.

अण्णा तिथे गेले तर पहिल्या दिवशी त्या कपाटापाशीच जाणार. पुस्तक ओढायला बघणार. निघत नाही म्हणून पुन्हा ओढणार. मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलवता येत नाहीये.

कोण खाली आणि कोण वर ते परीक्षेवर. डॉक्टर वीस मिनिटं प्रश्न विचारतात, तीस गुण. वीस किंवा जास्त तर खाली. एकोणीस आले तरी वर. "आमचा नियम कडक आहे," मॅनेजर म्हणाले. "खाली आम्ही कुणाच्या मागे मागे फिरत नाही." मी मान डोलावली. लक्ष नव्हतं. त्यांच्या टेबलावर कुणाची तरी उत्तरपत्रिका होती आणि मी ती वाचत होते. उलटी. बाकांमधून तीस वर्षं फिरले की उलटं वाचता येतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दूध झाल्यावर अण्णांना सगळे प्रश्न विचारून पाहिले.

अकरा.

वार नाही सांगता आला. महिना "शाळा सुटायचा" म्हणाले. शंभरातून सात वजा केले, त्र्याण्णव आले, मग म्हणाले, "कशाला वजा करायचे?" तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, घोडा, लिंबू, किल्ली, तर म्हणाले, "मला कुणी सांगितलेच नाहीत."

न्हाणीघरात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि हिशोब मांडला. नऊ गुणांचाच प्रश्न आहे. क्लासमध्ये माझ्याकडे ढ म्हणून टाकलेली मुलं येतात, त्यांना मी पस्तिसाच्या पार नेतेच. प्रश्न माहीत असताना नऊ गुण काय मोठे?

परीक्षा सत्तावीस तारखेची आहे. अकरा दिवस.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाढ्यासारखं म्हणून घेते. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. वजाबाकी येत नाही पण चाल लागली की जीभ आपोआप चालते. लहानपणी त्यांनीच मला असे पाढे घोकवले होते, चुकलं की पहिल्यापासून. आता चुकलं की मी म्हणते, "पहिल्यापासून, अण्णा." ते निमूटपणे पहिल्यापासून सुरू करतात.

तारखेचा घोळ होत होता. रोज नवी शिकवायची तर रोज विसरणार. म्हणून घरात रोजच सत्तावीस फेब्रुवारी, गुरुवार! सकाळी उठले की मी विचारते, ते सांगतात. भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलंय.

"हे कशासाठी, चिमे?" विचारलं त्यांनी. म्हटलं, "दवाखान्यात विचारतात हल्ली. रक्तदाब बघतात ना, तसं." बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं."

किती सहज खोटं बोलले मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सतरा. कालपासून सतराच्या पुढे गाडी हलत नाही.

आज मी अण्णांवर ओरडले. चार वेळा लिंबू राहिलं. घोडा, किल्ली. घोडा, किल्ली. मी फूटपट्टी टेबलावर आपटली. "लिंबू! किती वेळा सांगायचं?" ते दचकले. पेन्सिल खाली पडली. ती उचलायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. मग दिसलं, पायजमा भिजला होता.

धुतलं, पुसलं, बदललं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. कोरडा पायजमा घालून ते परत टेबलाशी येऊन बसले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, "घे पुढचं."

मला माझी किळस येते. पण थांबणार नाही. ते कपाट.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एकवीस. एकवीस. पुन्हा घेतली, एकवीस. पाठ थोपटावीशी वाटली पण त्यांची पाठ थोपटायची आपल्या घरात पद्धत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तेवीस.

इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. मी मागे खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून. वार? गुरुवार. तारीख? सत्तावीस. शंभरातून सात? अण्णांनी डोळे मिटले आणि चालीवर म्हटलं, थेट पासष्टपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "वा, सर!" घोडा, लिंबू, किल्ली. लिंबावर जरा थांबले, पण आलं. शेवटी मनाने एक वाक्य लिहायचं असतं. "आज हवा चांगली आहे." माझंच वाक्य, त्यांच्या वळणदार अक्षरात.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद डॉक्टरांना दिला नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, मग दिला.

मॅनेजरनी सही घेतली. "माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द." खाली बारीक अक्षरात. सही केली.

गाडीत घराजवळ आल्यावर अण्णा म्हणाले, "किती पडले?" म्हटलं, तेवीस. "कितीपैकी?" तीस. "बरे आहेत," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

१ मार्च, शनिवार

पोचवून आले. दादा आला होता, चाळीस मिनिटं. खोली बघून म्हणाला, "माझ्या घरापेक्षा बरी आहे." वाकून नमस्कार केला अण्णांना. त्यांनी विचारलं, "कुठल्या बॅचचे तुम्ही?" दादा हसला आणि फाटकाकडे चालू लागला.

गोळ्यांचा डबा टेबलावर ठेवला, सात वारांचे सात कप्पे. किल्ली दोरीला बांधून गळ्यात घातली. निघाले तेव्हा ते कपाटात पुस्तकं लावत होते. उंचीप्रमाणे. मला वाटलं, निभावलं. खरंच वाटलं.

घरात आले. कडी न लावता झोपले.

४ मार्च, मंगळवार

शाळा सुटल्यावर थेट गेले.

अंगावर शनिवारचाच शर्ट. दाढी वाढलेली. गोळ्यांचा डबा उघडला तर सगळे कप्पे भरलेले, फक्त गुरुवारचा रिकामा. "अण्णा, आज वार कोणता?" "गुरुवार," लगेच म्हणाले. "सत्तावीस फेब्रुवारी." शाबासकीच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत राहिले!

मी केलं हे. मीच. माझ्याच हाताने.

जेवणाची घंटा होते ना, तर ती ऐकली की हे बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहतात. हात मागे बांधून. मुलं रांगेत जातायत का बघतात. लोक जेवायला जातात, येतात. शेवटचा माणूस गेला की हे खोलीत परत. तीन दिवसांत किती जेवले देव जाणे. मदतनीस बाईंना विचारलं तर त्यांनाच आश्चर्य. "इथले सगळे आपलं आपलं बघतात, ताई. त्यांना तर तेवीस आहेत. पलीकडच्या आजोबांना वीसच, तरी ते स्वतः मोजे धुतात."

केळी सोलून भरवली. तीन खाल्ली सलग.

७ मार्च, शुक्रवार

न्हाणीघरात पडले. कपाळाला टेंगूळ, मनगट सुजलेलं. मोडलं नाही काही. सकाळी सहाला पडले आणि कळलं साडेनऊला, झाडायला बाई आली तेव्हा. साडेतीन तास ओल्या फरशीवर. वरच्या मजल्यावर असते तर पाच मिनिटांत चार माणसं धावली असती.

खरं सांगायचं तर वरचा मजलाच त्यांच्यासाठी बरोबर होता. अकरा गुणांच्या माणसाला. मला ते कपाट बघवत नव्हतं म्हणून मी त्यांना खाली ठेवलं. त्यांना नाही, मला. हे लिहिताना लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

आता सांगितलं तर प्रवेश रद्द. रद्द म्हणजे घरी, आणि घरी म्हणजे गॅस आणि कडी. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी नुसतं टेंगूळ येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आड मीच खणलेला. शाळेत बिनपगारी रजा मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आल्यात हो." दादा म्हणाला, "तू तेवीस म्हणालीस ना? मग एवढं काय?"

त्याला कुठल्या तोंडाने सांगू? त्याचं तर एका चिठ्ठीपायी वर्ष गेलं.

९ मार्च, रविवार

अख्खा दिवस त्यांच्याजवळ बसून होते. आज एकदाही "बाई" म्हणाले नाहीत. चिमीही नाही. माझा हात हातात घेऊन नखं बघत होते, वर्गात तपासायचे तशी.

निघताना म्हटलं, "अण्णा, माझ्या हातून मोठी चूक झालीय." ऐकलं की नाही कळलं नाही. म्हणाले, "घंटा झाली का?"

१० मार्च, सोमवार

डॉक्टरांना पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. गुरुवारी समक्ष जाऊन सांगायचं. गुरुवारपर्यंत काही होऊ नये, एवढंच.

भित्री आहे मी. उद्याच जाता येत नाही का? येतं. गुरुवारी जाईन.

१२ मार्च, बुधवार

मधल्या सुट्टीत डॉक्टरांचा फोन. म्हणाले, घाबरू नका, ठीक आहेत. दुपारी वरच्या मजल्यावर हलवतोय त्यांना. प्रवेश रद्द वगैरे काही नाही.

सकाळी अण्णा आपणहून डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत येऊ का विचारलं. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, "माझा निकाल रद्द करा. मला यातलं काही येत नाही. मुलीने पेपर आधी सांगितला होता, मी पाठ केला." डॉक्टरांना वाटलं, भ्रमात बोलतायत. म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, शब्दाला शब्द.

म्हणजे कळत होतं त्यांना. फूटपट्टी आपटली तेव्हाही. आयुष्यात पहिल्यांदा कॉपी केली, ती माझ्यासाठी.

डॉक्टर म्हणाले, दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. आणि म्हणाले, "तिच्यावर काही कारवाई करू नका. तिची पहिलीच वेळ आहे. समज देऊन सोडा."